थांबलेला गॅस बूस्टर बंद झालेला नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या उद्योगविषयक पानावर हवेवर चालणाऱ्या गॅस बूस्टरविषयी, म्हणजे गॅसचा दाब वाढवणाऱ्या यंत्राविषयी, आलेला मजकूर वाचला. अशा यंत्राबद्दल वर्तमानपत्रात सहसा कुणी लिहीत नाही, त्यामुळे आधी आनंदच झाला. व्हॉल्व्ह आणि उच्च दाबाची भांडी तपासणाऱ्या विभागात मी पर्यवेक्षिका आहे आणि माझ्या नोकरीचा मोठा काळ या यंत्राच्या आवाजात गेला आहे. लेखात सांगितलेले गुण खरे आहेत. बूस्टरला वीज लागत नाही, ठिणगी पडत नाही, जळायला मोटर नाही, आणि ठरलेल्या दाबाला पोचला की तो आपोआप थांबतो. माझी हरकत आहे ती यावरून काढलेल्या निष्कर्षाला, की म्हणून हे यंत्र सुरक्षित आहे आणि नवख्या माणसाच्या हाती द्यायला सोपं आहे. ज्या आपोआप थांबण्याचं लेखात कौतुक केलं आहे, त्यानेच आमच्या कामात माणसं जखमी होतात. ते कसं, हे सविस्तर लिहिते आहे. पत्र लांबेल, पण ते पूर्ण छापावं ही विनंती.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी त्याची रचना. एका दांड्याच्या एका टोकाला मोठा पिस्टन असतो, दुसऱ्या टोकाला छोटा. मोठ्या पिस्टनला कारखान्याच्या लाईनमधली ५-६ बारची हवा ढकलते आणि छोटा पिस्टन गॅस दाबतो. दोन्हींच्या क्षेत्रफळाचं गुणोत्तर ६० ला १ असेल, तर ६ बार हवेवर ३६० बारपर्यंत गॅस मिळतो. पिस्टन टोकाला पोचला की एक छोटा पायलट व्हॉल्व्ह दाबला जातो, त्याच्या इशाऱ्यावर स्पूल, म्हणजे हवेची वाट बदलणारी दांडी, सरकतो, हवा पलीकडच्या बाजूने येऊ लागते आणि पिस्टन उलटा फिरतो. वापरलेली हवा सायलेन्सरमधून फसकन बाहेर पडते. गॅसच्या बाजूला फक्त दोन एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेने गॅस जाऊ देणारे व्हॉल्व्ह, असतात, एक आत घेणारा आणि एक बाहेर सोडणारा. एवढंच यंत्र. ते साधं आहे म्हणूनच टिकतं, आणि मला ते मनापासून आवडतं.

दोन्ही बाजूंनी गॅस दाबणाऱ्या, म्हणजे डबल ॲक्टिंग बूस्टरमध्ये आत येणाऱ्या गॅसचा दाबही पिस्टनला मदत करतो. तिथे ३६० मध्ये गॅस पुरवणाऱ्या सिलेंडरचा दाब मिळवायचा. सिलेंडर ५० बारवर आला असेल तर बूस्टर ४१० बारला थांबेल. तोच सिलेंडर बदलून १५० बारचा भरलेला लावला, तर हवेच्या रेग्युलेटरला कुणी हातही न लावता तो ५१० बारपर्यंत जाईल. सिलेंडर बदलणाऱ्या हेल्परला हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याच्या मते त्याने रिकामा काढला आणि भरलेला लावला.

आता थांबण्याविषयी. बूस्टर सुरू केला की आधी ठोके भराभर पडतात, इतके की मोजता येत नाहीत. जॉबमधला, म्हणजे तपासायच्या भांड्यातला, दाब वाढत जातो तसे ते जड होतात, मध्ये अंतर पडू लागतं. शेवटी एक अर्धवट ठोका पडतो, पिस्टन मध्येच कुठेतरी अडून राहतो आणि सगळं शांत होतं. आमच्याकडे याला ‘बूस्टर स्टॉल झाला’ म्हणतात. आत मात्र काहीही सैल झालेलं नसतं. मोठ्या पिस्टनवर हवेचा पूर्ण जोर असतो, छोट्यावर गॅसचा, आणि दोन्ही एकमेकांना तोलून धरतात. गॅसचा दाब थोडा उतरला की तोल जातो आणि त्या क्षणी पुढचा ठोका पडतो. त्यासाठी कुणी बटण दाबावं लागत नाही.

तपासणीच्या कामात या गुणाला तोड नाही. एखादं भांडं रात्रभर दाबाखाली धरून ठेवायचं असेल तर बूस्टर ते जवळजवळ काहीही हवा न खाता धरून ठेवतो, आणि लीक कुठे आहे हे नसलं तरी लीक आहे की नाही हे तो सांगतो. बराच वेळ गप्प असलेला बूस्टर मध्येच एक ठोका देतो तेव्हा अनुभवी माणूस लगेच घड्याळाकडे बघतो. ठोके सारख्या अंतराने पडत असतील तर कुठेतरी गळती आहे. प्रत्येक वेळी अंतर वाढत असेल तर बहुधा गळती नाही, गॅस थंड होतो आहे. सायकलचा पंप मारताना खालचं टोक तापतं तसाच दाबलेला गॅसही तापतो, आणि थंड होताना त्याचा दाब उतरतो. २०० बारवर भरलेला गॅस ६० अंशांवरून २७ अंशांवर आला तर गळती अजिबात नसतानाही गेज १८० च्या आसपास दिसतो. हे ठाऊक नसलेली पोरं फिटिंग गळतं आहे असं समजून भरल्या दाबाखालच्या नटाला पाना लावतात. त्यांना मी पहिला नियम सांगते की भरून झाल्यावर पाऊण-एक तास जॉबला हात लावायचा नाही, नुसतं गेज लिहीत राहायचं.

हीलियम किंवा आर्गॉन असेल तर हा तापण्याचा भाग आणखी तीव्र होतो. एकाच ठोक्यात दाब पाचपट केला, तर २७ अंशांवरचा नायट्रोजन हिशेबाने २०० अंशांच्या आसपास जातो आणि हीलियम ३०० च्या आसपास. प्रत्यक्षात बरीच उष्णता बूस्टरच्या आतली, पिस्टनभोवतीची भिंत शोषून घेते, शिवाय चांगल्या बूस्टरमध्ये बाहेर पडणारी थंडगार हवा गॅसच्या बाजूभोवती खेळवून ती बाजू थंड ठेवलेली असते. गंमत म्हणजे त्याच यंत्राच्या सायलेन्सरवर बर्फ धरलेला असतो आणि गॅसच्या नळीला हात लावता येत नाही. हीलियमवर नायट्रोजनच्याच वेगाने यंत्र पळवलं की पिस्टनची सीलं लवकर जातात. बाहेरच्या फिल्टरमध्ये बारीक काळी पूड दिसू लागली की समजायचं, सील झिजतं आहे.

माझ्या आधीच्या नोकरीत घडलेली गोष्ट सांगते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण अशी मांडणी मी नंतरही अनेक ठिकाणी पाहिली आहे. एक तरुण फिटर होता, हाताने चांगला आणि कामात नेटका. चाचणी संपली, नोंद झाली, बूस्टर गप्प होता. जॉबला जोडलेल्या पाव इंची ट्यूबचा नट सोडवायला त्याने पाना लावला. नट थोडा सैल होताच हिस्स असा आवाज आला. त्याला वाटलं, लाईनमध्ये अडकलेला गॅस निघतो आहे, निघेल आणि संपेल. त्याने नट आणखी सोडवला. पण लाईनमधला दाब उतरताच पलीकडे बूस्टर जागा झाला आणि ठोके पडू लागले. आवाज त्या शेडमध्ये नेहमीचाच होता, त्याने तो आपल्या कामाशी जोडला नाही. ट्यूबला नटात धरून ठेवणाऱ्या कडीची, म्हणजे फेरूलची, पकड सुटली आणि ट्यूबचं टोक चाबकासारखं उलटून त्याच्या मनगटावर बसलं. हाड मोडलं. तोंड थोडं वळलेलं होतं म्हणून डोळे वाचले.

चौकशीच्या कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं कारण लिहिलं गेलं. ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. तो जिथे उभा होता तिथून हवेचा कॉक दिसत नव्हता, कारण तो बूस्टरच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला होता. दाबाचा गेज पॅनेलवर, त्याच्या पाठीमागे. जॉबच्या टोकाला गेज नाही, दाब सोडायला व्हेंट व्हॉल्व्ह नाही. म्हणजे लाईन मोकळी करण्याचा त्याच्यापुढे ठेवलेला एकमेव मार्ग नट सैल करणं हाच होता, आणि त्याच्या आधीचे सगळे तेच करत आले होते. शिवाय तो पाण्याच्या टेस्ट पंपावर शिकलेला होता. हातपंपाचा दांडा हलवायचा थांबलं की पंप थांबतो, आणि पाण्याची लाईन थोडी सैल केली की चमचाभर पाणी गळून गेज सरळ शून्यावर येतो. त्याने तीच सवय गॅसवर वापरली. त्याला वेगळं शिकवायचं काम कुणाचं तरी होतं, ते झालं नव्हतं.

त्या हिस्स आवाजात एक इशारा असतो, तो प्रत्येक फिटरला माहीत असायला हवा. अडकलेला थोडासा गॅस निघत असेल तर आवाज काही सेकंदांत मंदावतो. आवाज तसाच राहिला तर गॅस कुठून तरी येतो आहे. अशा वेळी पाना तिथेच सोडून बाजूला व्हायचं. नट पुन्हा आवळायलाही जायचं नाही.

आणि गॅस एकाच बाजूने येत नाही. हवेचा कॉक बंद केला की काम झालं, असं पुष्कळ जुन्या लोकांनाही वाटतं. मघाशी सांगितलेले दोन एनआरव्ही आठवा. दोघांचीही दिशा एकच, सिलेंडरकडून जॉबकडे. म्हणजे बूस्टर पूर्ण बंद असला, हवेची नळी काढून टाकलेली असली, तरी सिलेंडरचा १५० बारचा गॅस दोन्ही एनआरव्ही उघडून थेट जॉबपर्यंत जातो. बूस्टर म्हणजे मध्ये बसवलेला व्हॉल्व्ह नाही, तो बंद असताना एका दिशेने उघडा रस्ता आहे. उलट दिशेला तोच रस्ता बंद असतो, त्यामुळे सिलेंडरच्या बाजूची नळी मोकळी करून जॉबमधला दाब उतरत नाही. अलीकडचा गेज शून्य दाखवतो आणि पलीकडे ३०० बार तसेच बसलेले असतात. म्हणून सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद, हवेचा कॉक बंद करून आतली हवाही सोडलेली, आणि जॉबच्या बाजूचा व्हेंट उघडलेला, ही तिन्ही कामं झाल्याशिवाय आणि जॉबच्या टोकावरचा गेज शून्यावर आल्याशिवाय नटाला हात लावायचा नाही. व्हेंट शेवटपर्यंत उघडाच ठेवायचा, काम चालू असतानाही.

रात्रपाळीची एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. दिवसा कारखान्यातली सगळी हवेची हत्यारं चालू असतात, लाईनचा दाब ओढला जाऊन ६ बारवर असतो. रात्री बाकीची यंत्रं बंद पडली की तीच लाईन ७ वर चढते. बूस्टरच्या आधी रेग्युलेटर नसेल, किंवा असलेला नीट धरत नसेल, तर हवेचा १ बार गॅसच्या बाजूला ६० बार होऊन निघतो. रात्रभर दाबाखाली ठेवलेल्या जॉबवर स्टॉल झालेला बूस्टर कुणी नसताना पुन्हा ठोके देतो आणि ३६० चे ४२० करून ठेवतो. सकाळी गेज बघून लोक म्हणतात, काल रात्री कुणीतरी छेडछाड केली. कुणीही काही केलेलं नसतं. हवेच्या लाईनवर कुलूप लावता येणारा रेग्युलेटर आणि गॅसच्या बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह, हे दोन्ही हवेतच. सेफ्टी व्हॉल्व्ह लाईनमधल्या सगळ्यात कमजोर भागाच्या दाबावर लावायचा असतो. बूस्टरच्या कमाल दाबावर लावलेला सेफ्टी व्हॉल्व्ह फक्त बूस्टरला वाचवतो.

उलटा प्रकारही होतो. बूस्टर पुरेसा दाब देत नाही म्हणून तक्रार येते. गेज तर ६ बार दाखवतो. जाऊन बघावं तर मोठ्या बूस्टरला बोटभर जाडीची लांबलचक नळी जोडलेली, आणि तीही वाटेत दोन ठिकाणी क्विक कपलिंगने. बूस्टर थांबलेला असताना गेज ६ दाखवणारच, कारण हवा वाहतच नाही. ठोका पडताना गेजकडे बघा, काटा चारच्या खाली जातो. अशा वेळी लोक रेग्युलेटर वाढवून मोकळे होतात. मग दिवसभर सगळं ठीक चालतं आणि स्टॉल होताना दाब गरजेपेक्षा कितीतरी वर जातो. नळी जाड करणं हा उपाय, पण रेग्युलेटरची मूठ फिरवायला सोपी असते.

पाणी आणि गॅस यांतला फरक एकदा आकड्यांत मांडते, कारण ‘२०० बार म्हणजे २०० बार’ हे वाक्य मी मोठ्या पदांवरच्या माणसांकडूनही ऐकलं आहे. ५० लिटरचं भांडं पाण्याने २०० बारला भरलं तर पाण्यात साठलेली ऊर्जा सुमारे साडेचार हजार ज्यूल. तेच भांडं त्याच दाबाच्या नायट्रोजनने भरलं तर एकदम फुटताना सुटू शकणारी ऊर्जा सुमारे २० लाख ज्यूल, म्हणजे पाण्याच्या चारशे पटींहून जास्त. स्फोटकांच्या भाषेत जवळजवळ अर्धा किलो टीएनटी. गेजवरचा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो. एएसएमई या अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या दाबभांड्यांच्या संहितेत, सेक्शन ८ च्या पहिल्या भागात, पाण्याची चाचणी डिझाइन दाबाच्या १.३ पटीने घेतात आणि गॅसची १.१ पटीने, ते काही उगाच नाही. शक्य तिथे आधी पाण्याने चाचणी घ्यावी, गॅसची फक्त लीक शोधण्यापुरती, आणि तीही जाड आडोशामागे. बूस्टर आणला की गॅसने चाचणी घेणं सोपं होतं, भांडं वाळवत बसायला लागत नाही, म्हणून लोक पाण्याची चाचणी टाळू लागतात. मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो.

खरेदी विभागाबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. बूस्टर मागवताना कागदावर एकच आकडा असतो, कमाल दाब. खरं तर त्या दाबाला बूस्टर स्टॉल झालेला असतो, गॅस शून्य देतो. दर मिनिटाला किती गॅस, कोणत्या आतल्या दाबावर आणि किती हवेवर, हे विचारायचं असतं. सिलेंडर रिकामा होत जातो तसा प्रत्येक ठोक्यात भरणारा गॅस कमी होतो. गॅसच्या बाजूला पिस्टन पूर्ण टोकाला गेला तरी थोडी जागा उरतेच. त्या जागेतला उच्च दाबाचा गॅस परत फुगतो आणि नव्या गॅसला आत येऊ देत नाही. आतला दाब फारच खाली गेला की बूस्टर जोरात पळताना दिसतो, हवा भरपूर खातो आणि पुढे काहीही जात नाही. मग म्हणतात, यंत्र खराब निघालं. जास्त फरकाने दाब वाढवायचा असेल तर दोन टप्प्यांचा बूस्टर घ्यावा लागतो.

त्याहून वाईट म्हणजे किंमत कमी करायला आधी काय कापतात तर पॅनेल. बूस्टर घेतात आणि रेग्युलेटर, कुलपाचा कॉक, व्हेंट, सेफ्टी व्हॉल्व्ह, जॉबच्या टोकाचा गेज ‘आमच्याकडचंच बसवू’ म्हणून सोडून देतात. आमच्याकडचं म्हणजे स्टोअरमध्ये जे पडलेलं असेल ते. वर सांगितलेल्या मुलाचं मनगट त्या वगळलेल्या ओळींमुळे मोडलं.

काही गोष्टी थोडक्यात, पण त्यांच्यावाचून पत्र अपुरं राहील. हवेची बाजू आणि गॅसची बाजू यांच्यामध्ये बूस्टरला एक छोटं भोक असतं. सील झिजलं की गॅस तिथून बाहेर यावा, हवेच्या बाजूला मिसळू नये आणि हवेतलं तेल गॅसमध्ये जाऊ नये, म्हणून ते ठेवलेलं असतं. फुसफुस आवाज येतो म्हणून त्यात बोल्ट बसवून बंद केलेली यंत्रं मी पाहिली आहेत. ते भोक बोलायला लागलं म्हणजे सील बदलायची वेळ झाली. गॅस विषारी किंवा ज्वालाग्राही असेल तर त्या भोकाला नळी जोडून ती उघड्यावर न्यायची असते.

ऑक्सिजनचा बूस्टर वेगळा असतो आणि वेगळाच ठेवायचा. नायट्रोजनवर चाललेला बूस्टर नुसता पुसून ऑक्सिजनला लावणं म्हणजे आगीला बोलावणं आहे. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा थेंब किंवा ग्रीसचा पापुद्राही पेट घेतो. त्यातून व्हॉल्व्ह झटक्यात उघडून १ बारवरून २०० बारचा दाब बंद नळीत आला, तर त्या टोकाला दाबल्या गेलेल्या गॅसचं तापमान हिशेबाने हजार अंशांच्या वर जातं. ऑक्सिजनला व्हॉल्व्ह सावकाश उघडायचे, ठोके सावकाश ठेवायचे, एका टप्प्यात दाब फार वाढवायचा नाही, आणि सगळे भाग तेलविरहित स्वच्छ केलेले हवेत.

कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून बूस्टरला हवेऐवजी नायट्रोजन देऊन काम उरकण्याची पद्धत आहे. बूस्टरला काही फरक पडत नाही, पण प्रत्येक ठोक्याला तो नायट्रोजन सायलेन्सरमधून खोलीत सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून खाली जात राहतो, घुसमट जाणवत नाही, आणि ऑक्सिजन फारच कमी झालेल्या हवेत एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. आत पडलेल्याला ओढायला धावलेला माणूसही पडतो. नायट्रोजनवर चालवायचाच असेल तर सायलेन्सर काढून एक्झॉस्ट नळीने बाहेर न्या आणि खोलीत ऑक्सिजन मीटर ठेवा.

विजेचं म्हणाल तर बूस्टरला तार जोडलेली नसते एवढंच. वीज कॉम्प्रेसर खातो, आणि त्याला दिलेल्या विजेतली साधारण १० ते १५ टक्केच ऊर्जा हवेच्या हत्याराकडून कामाच्या रूपात हाती लागते. चाचणी, अॅक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजन भरणं, सिलेंडरमधला उरलेला गॅस वापरून संपवणं, दाब धरून ठेवणं, जिथे स्फोटक वायू असू शकतो अशा जागेतलं काम, यांसाठी बूस्टरच घ्यावा. दिवसरात्र सतत गॅस भरायचा असेल तर विजेवरचा किंवा हायड्रॉलिक कॉम्प्रेसर बरा.

आता माझं मागणं. कारखानदारांनी बूस्टर कधीही एकटा विकत घेऊ नये. बंद केल्यावर आतली हवा सोडून देणारा आणि कुलूप लागणारा कॉक काम करणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर असावा, व्हेंट आणि गेज जॉबच्या टोकाला असावेत, आणि ट्यूब दर थोड्या अंतरावर क्लॅम्पने धरलेली असावी, म्हणजे सुटली तरी फटका मारणार नाही. बंद करण्याचा क्रम काम करणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत, मोठ्या अक्षरांत, पॅनेलवरच लावावा. यंत्रासोबतच्या जाड पुस्तकात तो असतो, पण ते पुस्तक कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली दिवसपाळीच्या साहेबांकडे. तांत्रिक शिक्षण देणाऱ्या संस्थांत पाण्याच्या पंपाबरोबर एक छोटा बूस्टरही मुलांच्या हातात द्यावा. कमी दाबावर तो स्टॉल करून दाखवावा, मग व्हेंट किंचित उघडून तो स्वतःहून कसा सुरू होतो तेही दाखवावं. ते एकदा डोळ्यांनी पाहिलेला मुलगा गप्प यंत्राजवळ पाना घेऊन जाताना नक्की थांबेल.

अपघातांच्या चौकशीत ‘निष्काळजीपणा’ लिहिण्याआधी त्या माणसाच्या जागी उभं राहून तिथून कॉक दिसतो का, गेज दिसतो का, एवढं तरी तपासावं.

आणि आपल्याकडे एक विनंती. लेखासोबत नुसत्या बूस्टरचं चकचकीत चित्र छापलं होतं. पुढच्या वेळी पूर्ण पॅनेलची आकृती छापावी. तिन्ही व्हॉल्व्ह, दोन्ही गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि बंद करण्याचा क्रम दाखवणारी आकृती मी हाताने काढून सोबत जोडली आहे. वर्तमानपत्रातलं ते कात्रण पॅनेलवर चिकटवता येईल एवढ्या आकारात ती छापली तर आम्हा सगळ्यांवर उपकार होतील.

आपली,
एक चाचणी विभाग पर्यवेक्षिका